बारा तासांचा हिवाळा

बाजारात भरताची वांगी आली की माझा कान भिंतीकडे लागतो. खरं तर जायला हवं नाक. भाजल्या वांग्याचा वास आमच्या जळगावात मार्गशीर्षापासून गल्लोगल्ली फिरतो, त्याला आमंत्रण लागत नाही. पण माझं सगळं उलटंच. हिरवी-पांढरी, हातभर लांब वांगी पिशवीत घेऊन मी घरी येते, ओट्यावर ठेवते आणि मग उगाच थांबते. भिंतीवर तीन थापा पडतात का, ते ऐकत.

पडत नाहीत अर्थात. तीस वर्षं होत आली. भिंतीपलीकडे आता नाना नाहीत, अक्का नाहीत आणि त्यांचा तो जाडजूड काळा फोनही नाही. एका भिंतीची दोन घरं होती आमची. नानांचं पुढच्या चौकात शेतातल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान, म्हणून घरी फोन. आमच्या ओळीत तेवढा एकच. नानांच्या बायकोनं, अक्कांनी, भिंतीवर दोन थापा मारल्या तर समजायचं की दळण आलंय किंवा त्यांनी काहीतरी केलंय आणि वाटी पाठवायचीय. तीन थापा म्हणजे फोन. तीन थापा पडल्या की मी हातातलं टाकून धावायचे, मग तो फोन माझ्या पाचोऱ्याच्या आईचा का असेना.

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, विमान चालवायचा. हे वाक्य तेव्हा मी कुठे बोलले की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग आमच्या पत्र्याच्या घराकडे बघायचा. धुळ्याच्या डेपोतल्या एसटी ड्रायव्हरचा मुलगा, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकला, परवाना मिळवला आणि परवाना हातात घेऊन चार वर्षं घरी बसला. या चार वर्षांत त्यानं अर्ध्या गल्लीच्या पोरांना गणित शिकवलं. विहारात कार्यक्रम असला की लोक ओळख करून द्यायचे, 'हे आपले पायलट,' आणि तो मान खाली घालून सतरंज्या उचलायला निघून जायचा. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खासगी विमानं आली आणि एका नव्या कंपनीनं त्याला घेतलं. पहिलं वर्ष कच्चं. त्या वर्षात एकदा जरी चुकला तर नाव कटणार, आणि पुन्हा कोण घेणार होतं?

त्याची नोकरी मुंबईला, माझी शाळा जळगावला. माझी नोकरी पक्की, त्याची कच्ची, म्हणून घर जळगावातच राहिलं. मुंबई त्याचा बेस, हा शब्द मला तेव्हा कळला. महिन्याचा तक्ता यायचा. ज्यांची नावं विमानांसमोर ते उडणार. मिलिंदचं नाव बहुतेक वेळा सगळ्यात खाली, कुठल्याच विमानासमोर नाही. राखीव. कोणी आजारी पडलं, कोणाचे तास भरले, कुठे धुक्यात विमान अडकलं, की याला फोन.

या राखीवचेही दोन प्रकार होते. आम्ही घरात त्यांना कडक आणि सैल म्हणायचो. कडक राखीव म्हणजे मुंबईतच, भाड्याच्या खोलीत फोनशेजारी बसायचं, हाक आली की दोन तासांत विमानतळावर. सैल राखीव म्हणजे फोन आल्यापासून बारा तास. त्या बारा तासांत माणूस कुठे असावा हे नियमात लिहिलेलं नव्हतं. फोनवर सापडावा आणि बारा तासांनी गणवेशात, झोप झालेला असा समोर उभा राहावा, एवढंच. मग सैल राखीवचे दिवस लागले की मिलिंद मिळेल ती गाडी पकडून घरी यायचा. आठ तास गाडीचे, एक तास गाडी रखडण्याचा, एक तास स्टेशनावरून विमानतळापर्यंतचा. बारातले दोन उरायचे. त्या दोन तासांत आमचा संसार होता.

हे सगळं पहिल्यांदा ऐकल्यावर मी कपाळाला हात लावला होता. आबांनी मात्र नुसती मान डोलावली. आबा म्हणजे माझे सासरे. 'स्पेअर,' ते म्हणाले. 'म्हंजे हाई स्पेअरनी ड्युटी शे.' धुळ्याच्या डेपोत त्यांनी किती वर्षं स्पेअर काढली होती. आंघोळ करून, खाकी चढवून डेपोच्या बाकड्यावर बसायचं. कोणाचा खाडा पडला तर त्याची गाडी आपली. नाही पडला तर संध्याकाळी तसंच घरी. आबा सांगायचे की दुसऱ्याला ताप यावा असं स्पेअरच्या माणसानं कधी मनात आणायचं नाही, पण आला तर आपले बूट पायात पाहिजेत.

म्हणून मिलिंदचे बूट दाराशी, टाचा भिंतीला आणि टोकं बाहेर. बॅग खुंटीखाली. इस्त्रीचा पांढरा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या वर. हे आबा रोज सकाळी तपासायचे. मिलिंद जायला निघाला की विचारायचे, 'बठ्ठं ली लिधं ना?' सगळं घेतलं ना? तो हो म्हणायचा, तरी ते चेन उघडून बघायचेच. मला हसू यायचं आणि कधी रागही यायचा. घरी आलेला नवरा म्हणजे दाराशी उभी केलेली गाडी नव्हे, असं मी एकदा फणकाऱ्यानं म्हणालेही. आबांनी चेन लावली.

आबांचा आणखी एक नियम होता. घरात कोणी झोपलेलं असेल तर त्याला उठवायचं नाही. पाहुणा येवो, दूधवाला येवो. डेपोत मुक्कामी गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी एक खोली होती म्हणे, तिथे झोपलेल्या माणसाला त्याची वेळ होईपर्यंत हात लावायची कोणाची टाप नव्हती. डेपोचा साहेब आला तरी दारात चपला काढायचा, निरोप फळ्यावर लिहायचा आणि परत जायचा. 'जपेल ड्रायव्हरले उठाडानं नही,' आबा म्हणायचे. झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायचं नाही. तो उठून काय चालवणार आहे आणि त्याच्या मागे किती माणसं बसणार आहेत, हे उठवणाऱ्याला माहीत नसतं.

गंमत अशी की खुद्द आबांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती तेव्हा. दुपारी ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे, पण स्वयंपाकघरातून मी हळूच म्हणाले की मीठ संपलंय, तर तिकडून आवाज यायचा, 'आणतो.' पहाटे मी उठायच्या आधी त्यांची चूळ भरून झालेली. वय झालं की झोप कमी होते, असं मी समजायचे.

त्या हिवाळ्यात दिल्लीकडे धुकं पडायचं आणि हुडहुडी आमच्या घरात भरायची. रेडिओवर उत्तरेतल्या धुक्याची बातमी लागली की मी आणि आबा एकमेकांकडे बघायचो. आज तीन थापा पडणार. आमच्याकडे मात्र आकाश असं निळं, ऊन असं कोवळं, की शाळेचे वर्गसुद्धा आम्ही पटांगणात घ्यायचो. कपाशी वेचून झालेली, वावरात पऱ्हाट्या वाळलेल्या. आणि कुठे ना कुठे भरीत. आमच्याकडे भरीत घरात करायची गोष्टच नव्हे. वावरात जायचं, पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची. साल काळी पडून सुटली की लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हात धुतल्यावरही बोटांना धुराचा वास राहतो, तो दुसऱ्या दिवशी खडू धरतानाही येतो.

नानांच्या वावरातलं भरीत त्या रविवारी ठरलं होतं. गिरणेच्या पलीकडे, एरंडोलच्या रस्त्याला त्यांचं वावर. मिलिंद दोन दिवसांपूर्वीच आलेला, सैल राखीववर. त्यानं जावं की नाही यावर आदल्या दिवशी चर्चा झाली. शेवटी अक्का म्हणाल्या, माझा गुडघा दुखतोय, मी नाहीतरी घरीच आहे, फोनपाशी बसते. काही आलं तर दुकानातल्या कारागिराला लुनावर वावरात पिटाळते. बारा तास असतात ना? मग अर्धा तास इकडे तिकडे.

पण शनिवारी रात्री आमची प्रज्ञा तापली. दीड वर्षाची होती. खोकून खोकून लाल व्हायची आणि खाली ठेवलं की आक्रोश. माझ्याकडे राहीना, आबांकडे राहीना. बाप महिन्यातून चार दिवस दिसायचा, तरी खांदा त्याचाच पाहिजे. मिलिंद तिला घेऊन रात्रभर त्या दहा बाय बाराच्या खोलीत फिरला. मी दोनदा म्हणाले, दे इकडे, तुला फोन आला तर? तो म्हणाला, सकाळी येणार नाही, आलाच तर बारा तास आहेत, गाडीत झोपेन. आणि मी ऐकलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे मी आज लिहून टाकते. पोरीच्या आजारपणात नवरा घरात आहे, याचंच मला इतकं अप्रूप होतं की पुढचा विचार मी केलाच नाही.

उजाडता उजाडता ताप उतरला. पोरगी अंगणात कोंबडीमागे लागली. आम्ही सगळे नानांच्या टेम्पोत बसून वावरात गेलो. मिलिंदचे डोळे लाल होते, पण जाळ पेटवायला तोच पुढे. नानांनी त्याची चेष्टा केली, 'पायलट, जरा वर वर फिरव वांगी, एकदम उतरवू नको.' तो हसला. वांगी सोलून झाली होती, मुसळीचा आवाज सुरू झाला होता, आणि बांधावरून लुना आली.

कारागिरानं निरोप सांगितला तो असा, की भाऊंना आज संध्याकाळी सातला विमानतळावर बोलावलंय. तेव्हा अकरा वाजले होते. मिलिंद म्हणाला, असं कसं होईल, फोन कधी आला? दहाला. दहा आणि बारा म्हणजे रात्रीचे दहा. सात कसे? कारागिराला काही माहीत नव्हतं. आम्ही तसेच उठलो. भरीत तिथेच राहिलं.

घरी अक्का दारात उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा खुललेला होता. त्यांना वाटत होतं त्यांनी बाजी मारली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, मिलिंद आहेत का? अक्कांना वाटलं, वावरात भरीत खायला गेलाय असं सांगितलं तर पोराची नोकरी जाईल. मग त्यांनी तेच सांगितलं जे आमच्या सगळ्या गल्लीत सांगतात. कोणी कुठे पोचायला उशीर केला आणि मागून विचारणा झाली, की घरातला माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, निघाला, पोचेलच आता. लग्नाला वरात अडली तरी तेच, दवाखान्यात डॉक्टरची वाट बघत असले तरी तेच. त्यात कोणाला खोटं वाटत नाही. समोरच्याचा जीव खाली पडावा म्हणून बोलायचं असतं ते.

'मी सांगी दिधं,' अक्का म्हणाल्या, 'ते त रातलेच निंघी गयात, आते मुंबईले पोची गया व्हतीन. ती पोरगी इतकी खूश व्हयनी, माय!'

खूश होणारच. तिला खरं तर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानासाठी माणूस हवा होता. तो मुंबईत आलेलाच आहे म्हटल्यावर तिनं त्याला त्याच संध्याकाळच्या विमानावर टाकलं, आणि पहाटेसाठी आणखी कोणाला शोधायला घेतलं. अक्कांच्या मायेनं आमचे सगळे तास एका फुंकरीत उडाले.

मी अक्कांना काय काय बोलले ते सगळं आठवतं मला. आठवलं की आजही कानशिलं तापतात. शिकलेली बाई मी, शब्दांची कमी नव्हती. अक्का उंबऱ्यावर बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या. आबा मला म्हणाले, 'रत्ना, पाणी दे त्याला.' एवढंच. मी पाणी दिलं.

स्टेशनाबाहेरच्या टेलिफोन बूथवरून मिलिंदनं कंपनीत फोन लावला. मी पोरीला घेऊन बाहेर उभी, आबा काचेला लागून. अक्कांचंच पुढे ओढून तो म्हणाला, गाडी रखडलीय, साडेनऊपर्यंत पोचतो. तिकडून काहीतरी बोलणं झालं. साडेदहाचं एक विमान होतं, त्यावर त्याला टाकलं. तो बाहेर आला आणि म्हणाला, जमलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आबांनी विचारलं, 'रातनं जागरण सांगं का?' त्यानं मान हलवली. सांगितलं नव्हतं. सांगून कसं चालेल? कच्चं वर्ष. आज नाही म्हणालो तर उद्या माझ्या जागी दुसरा.

आबा तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि दोन तिकिटं काढून आणली. मी म्हणाले, आबा, तुम्ही कुठे? ते म्हणाले, याला झोपवायला. अंगावर वावरातलाच सदरा, पायात धुळीच्या चपला. त्यांनी माझ्या खांद्यावरची जुनी शाल मागून घेतली आणि दोघं जनरलच्या डब्यात चढले.

डब्यातलं मला पुढे मिलिंदनं सांगितलं. एकदा नाही, आमच्या सगळ्या आयुष्यात तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. आबांनी लोकांच्या विनवण्या करून वरच्या फळीवरची गाठोडी खाली उतरवली, शाल अंथरली आणि म्हणाले, 'जपी जाय.' मग स्वतः खाली, फळीच्या टोकाशी उभे राहिले. चहावाला ओरडत आला की ओठांवर बोट. कोणी पत्त्यांचा डाव मांडून खिदळायला लागलं की हात जोडायचे, 'मना आंडोर गाडी चालाडस, त्याले जपू द्या.' लोकांना वाटलं मुलगा ट्रक ड्रायव्हर असेल. चाळीसगाव गेलं, मनमाड गेलं. मिलिंदला काही झोप लागेना. डोळे मिटले की विमानाचा तो पुढचा काचेचा भाग दिसायचा आणि तो पुन्हा डोळे उघडायचा.

नाशिकनंतर तो खाली उतरला. जरा जागा झाली होती, दोघं शेजारी बसले. तेव्हा आबांनी ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मिलिंद स्वतः तेव्हा दीड वर्षाचा होता. धुळ्याला, डेपोमागच्या खोलीत. तापानं फणफणलेला. आईला अशक्तपणा, म्हणून आबांनी रात्रभर त्याला खांद्यावर घेतलं. सकाळी त्यांची स्पेअर. त्यांना वाटलं, बाकड्यावर बसून डुलकी काढू. पण कोणाचा तरी खाडा पडला आणि जळगावची गाडी त्यांना मिळाली. कंट्रोलरला सांगावंसं वाटलं, पण तेही त्यांचे कच्चे दिवस होते. गाडी भरलेली. पारोळा मागे पडला, ऊन चढलं, आणि पुढचं काही त्यांना आठवत नाही. आठवतं ते एकदम चाकाखालचा खडखडाट, पाय ब्रेकवर, आणि समोर रस्ता नाही. मोरीच्या कठड्याशी गाडी उभी होती. पुढचं एक चाक मातीच्या अगदी काठावर. मागे सगळी माणसं. एका म्हातारीनं विचारलं, काय झालं बाबा? आबा म्हणाले, कुत्रं आडवं आलं. म्हातारी म्हणाली, पुण्य लागेल तुला, आणि तिच्या ओच्यातला पेरू काढून त्यांना दिला.

कोणालाच कळलं नाही. डेपोत नोंद नाही, कंडक्टरलाही संशय नाही. आबांनी गाडी मागे घेतली, जळगावला नेली, परत आणली. 'कोनले कळनं आसतं,' ते म्हणाले, 'तर शिक्षा व्हती, आनि मी जपी गया आसतू.' कोणाला कळलं असतं तर शिक्षा झाली असती आणि मग मला झोप लागली असती. तो पेरू त्यांनी खाल्ला नाही. टाकताही आला नाही. बरेच दिवस तो खाकी शर्टाच्या खिशात होता.

मिलिंद म्हणतो, त्यानंतर कसारा घाटातून गाडी उतरेपर्यंत ते दोघं खिडकीबाहेर बघत राहिले.

मला जळगावात यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फक्त घड्याळ बघत होते. साडेदहा वाजले तेव्हा मनात म्हणाले, उडालं. मग वाटलं, रात्रभर जागलेला माणूस चालवतोय ते. मग कितीतरी वेळ मी देव्हाऱ्यापाशी नुसती बसून राहिले, बुद्धाच्या मूर्तीसमोर, काय मागावं ते न सुचून. नोकरी राहू दे म्हणू की तो उडालाच नसू दे म्हणू? दोन्ही एकदम मागता येत नव्हतं. अक्का वाटीत भरीत घेऊन आल्या. वावरातून नानांनी आणलेलं. म्हणाल्या, 'मी खोटं बोलनू ना माय.' मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. त्यांच्या पदराला धुराचा वास होता.

सकाळी भिंतीवर तीन थापा पडल्या. मी पोचेपर्यंत फोन कटला होता. अक्का म्हणाल्या, मिलिंदचा होता, एवढंच म्हणाला की दुपारी पोचणाऱ्या गाडीनं आम्ही दोघं येतोय. आणि या वेळेस अक्कांनी शब्द न शब्द तसाच सांगितला, स्वतःचं काही न घालता. पण मला त्यातून एवढंच कळलं की तो उडाला नाही. उडाला असता तर आज येताच आलं नसतं. म्हणजे गेली नोकरी. चार वर्षांच्या शिकवण्या पुन्हा डोळ्यांपुढे आल्या. मी शाळेतून अर्धी रजा घेतली, डब्यात अक्कांचं भरीत आणि भाकरी घातली, पोरीला कडेवर घेतलं आणि स्टेशनवर गेले.

तीनच्या सुमाराला गाडी लागली. जनरलचा डबा नेमका माझ्यासमोर. खिडकीत मिलिंद दिसला. मी हात वर केला, हाक मारणार, तर त्यानं डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

त्याच्या उजव्या खांद्यावर आबांचं डोकं होतं. टोपी घसरून मांडीवर पडलेली, तोंड जरासं उघडं, हात दोन्हीकडे सैल. मी आबांना झोपलेलं पहिल्यांदा पाहत होते. इतका म्हातारा माणूस आपल्या घरात राहतो, हे मला तोपर्यंत समजलंच नव्हतं. मी खिडकीशी गेले, खुणेनं म्हणाले, उतरा. मिलिंदनं मान हलवली. नाही. मी पुन्हा खुणावलं, गाडी सुटेल. तो हसला आणि पुन्हा ओठांवर बोट. प्रज्ञा 'आबा' म्हणून ओरडायच्या बेतात होती, तिचं तोंड मी तळहातानं दाबलं. गजांमधून डबा आत सरकवला. शिट्टी झाली. गाडी हलली आणि त्या दोघांना घेऊन भुसावळकडे निघून गेली.

मी फलाटावर उभी. नोकरीचं विचारायचं राहूनच गेलं होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, गेली असेल तर गेली. हा माणूस माझा आहे, तो म्हातारा माझा आहे, आणि दोघंही मातीच्या काठावरून सुखरूप मागे आले आहेत. मोरीचं मला तेव्हा माहीत नव्हतं, हे शब्द आत्ताचे आहेत. पण वाटलं होतं ते असंच काहीतरी.

दोन तासांनी भुसावळकडून पॅसेंजर आली. आबा आधी उतरले, तणतणत. 'येवढं मोठं जळगाव गयं, तुले माले उठाडता नही उनं?'

'ड्रायव्हर जपेल व्हता, आबा,' मिलिंद म्हणाला.

आबा टोपी झटकू लागले. मिलिंद माझ्याकडे वळला आणि न विचारताच सांगू लागला. काल विमानतळावर गेल्या गेल्या त्यानं ड्युटीवरच्या साहेबांना सगळं सांगितलं. मी जळगावला घरी होतो, रात्रभर जागा आहे, आज मी विमान चालवू शकत नाही. साहेब खूप बोलले. ज्यांच्याबरोबर उडायचं होतं ते वयस्क कॅप्टन मध्येच म्हणाले, याला जाऊ द्या, झोपू द्या. आबा बाहेर बाकड्यावर बसून होते. नोकरी गेली नाही. सहा महिने कच्चं वाढलं. म्हणजे आणखी सहा महिने राखीव, आणखी सहा महिने तीन थापा.

ते सहा महिने गेले, पुढे बरीच वर्षं गेली. मिलिंद कॅप्टन झाला, निवृत्त झाला. आत्ता हे लिहिताना तो अंगणात खुर्चीत उन्हाला पाय करून झोपलाय, मोबाइल त्याच्या खिशात दोनदा वाजून थांबला आणि मी बघत बसले आहे. वांगी ओट्यावर तशीच आहेत. जाळ तो उठल्यावर करू.

त्या दिवशी स्टेशनातून बाहेर पडताना आबा मागे राहिले होते. मला वाटलं चप्पल तुटली. वळून पाहिलं तर ते बोटांवर मोजत होते.

'कधी लागना व्हता मना डोया?' त्यांनी मिलिंदला विचारलं.

'मनमाडच्या आधीच.'

आबांनी पुन्हा बोटं मोजली. मनमाड ते जळगाव, जळगाव ते भुसावळ. मग टोपी नीट बसवली आणि आम्हा दोघांच्या मधून पुढे झाले.

'तीन तासवर व्हयनात,' ते म्हणाले. 'आते कोनी गाडी दिधी तर धुळ्यापर्यंत ली जासू.'